संधिवाताचं सोनं जिवाणूंच्या कसोटीवर: ऑरानोफिनचं प्रकरण

ऑरानोफिन हे सोन्याचं औषध आहे. उपमा म्हणून नव्हे, खरोखरच. गोळीतल्या ऑरानोफिनच्या वजनापैकी २९ टक्के वजन सोन्याच्या अणूचं असतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी, म्हणजे ज्या संधिवातात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते त्यासाठी, १९८५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. तोवर सोनं घ्यायचं म्हणजे स्नायूत सुई टोचून घ्यायची. हे तोंडाने घेता येत होतं, याचं तेव्हा मोठं अप्रूप होतं. पुढे मेथोट्रेक्सेटने जम बसवला, मग जैविक औषधं आली आणि सोनं मागे पडलं.

मागे पडलेलं हे औषध गेल्या दीड दशकात पुन्हा बाहेर काढलं गेलं, पण सांध्यांसाठी नाही. प्रयोगशाळेत ते स्टॅफिलोकोकस ऑरियस मारतं, त्यातला मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा एमआरएसएसुद्धा. (ऑरियस म्हणजे सोनेरी. या जिवाणूच्या वसाहती सोनेरी दिसतात म्हणून ते नाव. निव्वळ योगायोग, पण लिहिताना दर वेळी गंमत वाटते.) क्षयाचा जिवाणू मारतं. प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर आतड्यात माजणारा क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल मारतं.

प्रकरण असं आहे. मान्यता मिळालेलं, हजारो रुग्णांनी वर्षानुवर्षं घेतलेलं, पेटंट संपलेलं दाहशामक औषध हाताशी आहे. समोर प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू आहेत. औषध सरळ त्यांच्यावर वळवावं का, आणि वळवायचं तर कोणत्या संसर्गावर? बहुतेक लेखांमध्ये पहिल्या प्रश्नावर पानंच्या पानं खर्ची पडतात आणि दुसरा शेवटच्या परिच्छेदात येतो. मला तो क्रम उलटा वाटतो. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या पोटात आहे.

क्षयाकडून सांध्यांकडे

सोनं आणि जिवाणू यांची गाठ पडली ती १८९० मध्ये. बर्लिनच्या दहाव्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत रॉबर्ट कॉख बोलायला उभे राहिले. आठ वर्षांपूर्वी क्षयाचा जिवाणू त्यांनीच शोधला होता, त्यामुळे उपायही तेच सांगतील अशी आशा होती. प्रयोगशाळेत तपासलेल्या अनेक पदार्थांचा त्यांनी उल्लेख केला. त्यात सोन्याची सायनाइड संयुगं सगळ्यांवर कडी करणारी निघाली: २० लाखांत एक भाग इतकी पातळ केली तरी क्षयाच्या जिवाणूची वाढ थांबत होती. आणि लगेच पुढे त्यांनी सांगून टाकलं की हे सगळे पदार्थ क्षय झालेल्या प्राण्यांना दिले, तेव्हा कशाचाही काडीचा उपयोग झाला नाही.

या दोन विधानांपैकी लोकांनी पहिलं लक्षात ठेवलं.

१९२४ मध्ये कोपनहेगनच्या होल्गर मोलगार्ड यांनी सॅनोक्रायसिन आणलं. सोडियम, सोनं आणि थायोसल्फेट यांचं हे संयुग शिरेतून द्यायचं. रुग्णांना ताप चढायचा, लघवीतून प्रथिन जायचं, अंगावर पुरळ उठायचं, कुणाला शॉक बसायचा. मोलगार्ड यांचं स्पष्टीकरण असं, की सोन्याने जिवाणू मरतात आणि मरताना विष सोडतात, त्याची ही प्रतिक्रिया आहे. म्हणजे रुग्ण जितका जास्त बेजार, तितकं औषध जास्त गुणकारी! त्या विषावर उतारा म्हणून त्यांनी एक अँटिसीरमही, म्हणजे विषविरोधी रक्तजल, तयार केलं होतं. दुष्परिणामालाच गुणाचा पुरावा ठरवलं की औषध नापास होण्याचा रस्ताच बंद होतो. हा डाव आजही अधूनमधून खेळला जातो, फक्त शब्द बदललेले असतात.

तो रस्ता उघडला एका नाण्याने. अमेरिकेत मिशिगनमधल्या एका सॅनेटोरियममध्ये अँबरसन, मॅकमॅहन आणि पिनर या तिघांनी क्षयाचे २४ रुग्ण निवडले. वय, आजाराची व्याप्ती, लक्षणं बघून एकमेकांशी जुळणारे १२-१२ चे दोन गट केले आणि नाणं उडवलं. एका गटाच्या वाट्याला सॅनोक्रायसिन आलं, दुसऱ्याच्या वाट्याला शिरेतूनच ऊर्ध्वपातित पाणी. कोण कोणत्या गटात आहे हे वॉर्डच्या मुख्य परिचारिकेला आणि तिघांपैकी दोघा डॉक्टरांना ठाऊक होतं. रुग्णांना दोन गट आहेत याचाच पत्ता नव्हता. १९३१ मध्ये निकाल छापून आला: सोन्याचा फायदा नाही, अपाय मात्र आहे. चाचणीशास्त्राच्या इतिहासात या नाण्याला मानाचं पान मिळतं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पाणी. पाणी मिळालेला गट नसता, तर पहिल्या गटातल्या बऱ्या झालेल्या प्रत्येकाचं श्रेय सोन्यालाच गेलं असतं.

मधल्या काळात फ्रान्समध्ये वेगळंच घडत होतं. झाक फोरेस्तिए यांना संधिवात आणि क्षय यांच्यात नातं दिसत होतं: दोन्ही आजार हळूहळू चढतात, दोन्ही माणसाला खंगवतात. मग क्षयावर चालणारं सोनं सांध्यांवर का चालू नये? १९२९ मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. तर्काचे दोन्ही पाय लंगडे होते. संधिवात क्षयाचा नव्हता आणि सोनं क्षयावर चालत नव्हतं. तरीही सांधे सुधारत होते. १९६० मध्ये ब्रिटनच्या एम्पायर ऱ्हुमॅटिझम कौन्सिलच्या नियंत्रित चाचणीनेही सोन्याच्या बाजूने कौल दिला. चुकीच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र योग्य माणसाला मिळावं, तसं.

तेव्हा आज ज्याला ‘दाहशामक औषधाचा जिवाणूंविरुद्ध नवा वापर’ म्हटलं जातं, तो सोन्याच्या बाबतीत नवा मुळीच नाही. हे माहेरी परतणं आहे. आणि माहेरून ते का निघालं होतं, हे विसरून चालणार नाही.

मारतं कसं

सोन्याला गंधकाची ओढ आहे. पेशीतल्या असंख्य प्रथिनांवर गंधक आणि हायड्रोजनची जोडी लोंबत असते, तिला थायोल म्हणतात. ऑक्सिजनयुक्त आक्रमक रेणू या जोड्या सतत बिघडवत असतात आणि पेशी त्या सतत दुरुस्त करत असते. या दुरुस्तीच्या कामात थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) मोक्याच्या जागी बसलेलं आहे. ऑरानोफिनमधलं सोनं नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. दुरुस्ती थांबते, बिघाड साचत जातो, पेशी मरते. पेनिसिलिनसारखी औषधं जिवाणूची भिंत फोडतात, बाकीची बरीचशी प्रथिनांचा किंवा डीएनएचा कारखाना बंद पाडतात. हा हल्ला त्यातल्या कशावरच नाही, म्हणून जुन्या प्रतिजैविकांना सरावलेल्या जिवाणूंवरही तो चालतो.

२०१५ मध्ये हार्बट आणि सहकाऱ्यांनी हे क्षयाच्या आणि इतर जिवाणूंवर नीट दाखवलं. त्यातच औषधाची मर्यादाही दिसली. ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरचं जादा आवरण नसलेल्या, जिवाणूंवर ऑरानोफिन जोरदार, ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्हांवर जवळपास निष्प्रभ. कारणं दोन सांगतात. या जिवाणूंकडे ग्लुटाथायोनची समांतर दुरुस्ती-यंत्रणा असते, एक बंद पडली तर दुसरी काम चालवते. शिवाय त्यांचं बाहेरचं आवरण औषधाला आत येऊ देत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी ते आवरण दुसऱ्या एका पदार्थाने ढिलं केलं, तेव्हा ऑरानोफिन त्यांच्यावरही चालायला लागलं. म्हणजे दाराचा अडसर खरा मोठा. रुग्णालयांना आज ज्यांनी सर्वांत जास्त छळलंय, त्यातले बरेचसे जिवाणू याच कड्याकुलपाआडचे आहेत. ऑरानोफिनकडून ‘सुपरबग’वर विजय वगैरे मथळे वाचताना एवढं ध्यानात असलेलं बरं.

माणसाच्या पेशीतही हेच विकर असतं, थोड्या वेगळ्या बांधणीचं. त्यात सेलेनियम असतं आणि सोन्याला सेलेनियमची ओढ गंधकाहूनही जास्त. मग आपण कसे वाचतो? आपल्याकडेही ग्लुटाथायोनचा पर्याय आहे म्हणून. वाचतो म्हणजे मात्रा बेतात असेपर्यंत. फुरशी मरेल पण अंगण जळणार नाही, इतकीच आग लावायची असते.

ताटलीतलं गणित, रक्तातलं गणित

माझ्या मते या प्रकरणाचा जीव इथे आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

औषध जिवाणूंवर चालतं की नाही, हे बघायची रोजची पद्धत अशी. प्लॅस्टिकची ९६ खळग्यांची ताटली. एका ओळीत पहिल्या खळग्यात औषध सर्वांत जास्त, पुढच्यात त्याच्या निम्मं, त्यापुढच्यात निम्म्याचं निम्मं. प्रत्येक खळग्यात तेवढंच पोषक ब्रॉथ आणि तेवढेच जिवाणू. रात्रभर ऊब द्यायची. सकाळी ताटली उजेडासमोर धरायची. जिथे जिवाणू वाढले तिथे ब्रॉथ ताकासारखं गढूळ, जिथे नाही तिथे नितळ. सर्वांत कमी औषधाचा जो खळगा नितळ राहिला, त्याचा आकडा म्हणजे एमआयसी. स्टॅफिलोकोकसच्या बाबतीत ऑरानोफिनचा हा आकडा मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी येतो. कुठल्याही प्रतिजैविकाला हेवा वाटावा असा.

आता रुग्णाचं रक्त घेऊ. रोज ६ मिलिग्रॅम ऑरानोफिन सहा महिने घेतलेल्या संधिवाताच्या रुग्णांच्या रक्तात सोनं सरासरी मिलिलिटरला ०.६८ मायक्रोग्रॅम असतं. हे नुसत्या धातूचं वजन. २९ टक्क्यांच्या हिशेबाने ऑरानोफिनमध्ये मांडलं तर साधारण २.३ मायक्रोग्रॅम. एमआयसी अर्धा, रक्तात २.३. कागदावर काम फत्ते! चौपट-पाचपट औषध रक्तात फिरतंय, वाट कसली बघताय?

पण ताटलीतल्या ब्रॉथमध्ये जे नसतं ते रक्तात भरपूर असतं: अल्ब्युमिन. या प्रथिनाच्या प्रत्येक रेणूवर एक थायोल आहे आणि सोन्याला थायोलच हवं असतं. रेणू मोजून बघू. ०.६८ मायक्रोग्रॅम सोनं म्हणजे सुमारे ३.५ मायक्रोमोलर (हे एकक वजन नव्हे, अणू-रेणूंची संख्या मोजतं). अल्ब्युमिन सुमारे ६०० मायक्रोमोलर. सोन्याच्या एका अणूमागे त्याला पकडायला टपलेले अल्ब्युमिनचे दीडशेहून जास्त रेणू. त्यात अख्खं ऑरानोफिन रक्तात जवळपास सापडतच नाही. त्याला जोडलेली शर्करा आधीच गळून पडते आणि उरलेलं सोनं प्रथिनांना व तांबड्या पेशींना चिकटून फिरतं. रक्तचाचणीत दिसणारा आकडा या चिकटलेल्या सोन्यासकट असतो. एमआयसीशी त्याची तुलना करणं म्हणजे बँकेत गहाण पडलेले दागिने खिशातल्या रोकडीत धरणं.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी. सोन्याची पकड कायमची नसते. एका गंधकावरून दुसऱ्या गंधकावर ते सरकत राहतं आणि सांध्यांपर्यंत पोचतं तेही असंच सरकत सरकत. तेव्हा अल्ब्युमिनला चिकटलेलं सोनं मेलेलं नाही. पण सावकाश आहे. संधिवाताला ही सावकाशी परवडते. औषधाचा गुण दिसायलाच तिथे तीन-चार महिने जातात. रक्तातली पातळी स्थिरावायलाही सुमारे तितकाच वेळ लागतो, कारण रक्तातल्या सोन्याचा अर्धायुकाल २६ दिवसांच्या आसपास आहे. स्टॅफिलोकोकस रक्तात शिरलेल्या रुग्णाकडे तीन महिने नसतात. त्याचा फैसला काही दिवसांत होतो.

मग पहिल्याच दिवशी मोठी मात्रा द्यावी का? सुचणं साहजिक आहे. पण औषध ‘सुरक्षित आहे, माणसांनी घेतलेलं आहे’ हा जो दाखला आपण सुरुवातीला मिरवला, तो रोज ६ मिलिग्रॅमचा आहे. मात्रा वाढवली की दाखला तिथेच संपतो. आणि ६ मिलिग्रॅमवरसुद्धा महिन्याला रक्त आणि लघवी तपासायची असते: पांढऱ्या पेशी घसरल्या का, प्लेटलेट पडल्या का, लघवीतून प्रथिन जातंय का. काही बिनसलं तर गोळी बंद करता येते, सोनं बंद करता येत नाही. शरीरातून निम्मं सोनं बाहेर पडायला सरासरी ८० दिवस लागतात. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात मारून घेत नाही, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

जुन्या औषधाच्या नव्या वापराचं मोठं आकर्षण म्हणजे वाचणारा वेळ. तो वाचतोही, पण सुरक्षिततेची जुनी फाइल ज्या रुग्णावर लिहिली गेली, त्याच्यासारखाच नवा रुग्ण असेल तर. दर महिन्याला चालत तपासणीला येणारा संधिवाताचा रुग्ण आणि अतिदक्षता विभागात मूत्रपिंडं थकलेला सेप्सिसचा रुग्ण, यांची फाइल एक कशी असेल?

क्षयावर पुन्हा एकदा

कॉख यांच्यानंतर सव्वाशे वर्षांनी सोनं पुन्हा क्षयाच्या दारात उभं राहिलं, या वेळी दक्षिण आफ्रिकेत. फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांना नेहमीचे उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीला एक जास्तीचं औषध द्यायचं, अशी दुसऱ्या टप्प्याची ही चाचणी. जोडीला देऊन पाहिलेल्या औषधांत ऑरानोफिन होतं, प्रतिकारशक्ती दाबणारं एव्हरोलिमस होतं, सीसी-११०५० या सांकेतिक नावाचं एक दाहशामक होतं आणि ड जीवनसत्त्व होतं. हेतू नुसता जिवाणू मारण्याचा नव्हता. क्षय बरा झाल्यावरही फुप्फुसं कायमची अधू राहतात, कारण दाहाने तिथल्या ऊतींची नासधूस झालेली असते. दाह आवरला तर फुप्फुस वाचेल का, असा तो प्रश्न. प्रश्न मला फार आवडला. दाहशामकाला दाहशामक म्हणूनच वापरायचं, प्रतिजैविकाचा मुखवटा चढवायचा नाही.

निकाल २०२१ मध्ये आला. फुंकर किती जोरात मारता येते या मोजमापात एव्हरोलिमस आणि सीसी-११०५० यांच्याकडून थोडी आशा दिसली आणि ही दोन औषधं रुग्णांना बऱ्यापैकी सोसवलीही. पुढे नेण्याजोग्या औषधांत ऑरानोफिनचं नाव नव्हतं.

शेजारची उदाहरणं, थोडक्यात

ऑरानोफिन एकटं नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की कार्प्रोफेन, ब्रोम्फेनॅक आणि व्हेडाप्रोफेन ही वेदनाशामक-दाहशामकं ई. कोलायच्या ‘स्लायडिंग क्लॅम्प’ला बिलगतात. जिवाणू डीएनएची नक्कल करताना नकलेचं यंत्र धाग्यावरून घसरू नये म्हणून जी कडी वापरतो, ती ही. रसायनशास्त्र म्हणून सुंदर काम. नव्या प्रतिजैविकाचा आराखडा कुठून सुरू करावा याचा पत्ता त्यातून मिळतो. त्यावरून डोकेदुखीच्या गोळ्या संसर्गावर चालतात असा अर्थ काढणं मात्र धोक्याचं आहे. फ्रान्सच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये आयबुप्रोफेन आणि कीटोप्रोफेनबद्दल नेमका उलटा इशारा दिला. त्वचेच्या किंवा फुप्फुसाच्या संसर्गात ही औषधं घेतलेल्यांमध्ये गंभीर गुंतागुंत झालेली प्रकरणं त्यांच्यापुढे आली होती: २००० सालापासून आयबुप्रोफेनची ३३७ आणि कीटोप्रोफेनची ४९. ताप उतरतो, दुखणं थांबतं, आतला संसर्ग पसरत राहतो आणि डॉक्टरकडे जायला उशीर होतो.

याउलट मेंदूच्या आवरणाच्या जिवाणूजन्य दाहात, म्हणजे मेनिंजायटिसमध्ये, डेक्सामेथासोन या दाह आवरणाऱ्या स्टेरॉइडने बाजी मारली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०१ प्रौढ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत मृत्यूचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. गोम वेळेत होती. डेक्सामेथासोन प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा बरोबरीने द्यायचं, कारण प्रतिजैविकाने जिवाणू फुटतात तेव्हाच दाहाचा भडका उडतो. मोलगार्ड यांची कल्पना आठवते? मरणारे जिवाणू विष सोडतात, ही. कल्पना तशी अगदीच टाकाऊ नव्हती. लागू केली होती ती भलत्या आजाराला आणि भलत्या औषधाला.

जे रक्तात जात नाही

आता ऑरानोफिनकडे परत. वर आपण रक्तातल्या सोन्याचा हिशेब केला. पण गिळलेल्या गोळीतलं सगळं सोनं रक्तात जातच नाही. शोषलं जातं फक्त सुमारे २५ टक्के. ६ मिलिग्रॅम ऑरानोफिनमध्ये १.७४ मिलिग्रॅम सोनं, त्यातलं जेमतेम ०.४४ मिलिग्रॅम शरीरात शिरतं. १.३ मिलिग्रॅम आतड्यातच राहतं आणि पुढे सरकतं. संधिवाताच्या डॉक्टरांच्या दृष्टीने ही नासाडी. तोंडाने घ्यायचं सोनं इंजेक्शनच्या मानाने सौम्य पडतं, त्यात या नासाडीचाही वाटा असणार.

संसर्ग आतड्यातच असेल तर?

हा धागा पकडला तो अमीबाच्या अभ्यासकांनी. २०१२ मध्ये देबनाथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आमांशाचा अमीबा, एंटामिबा हिस्टोलिटिका, प्रयोगशाळेत ऑरानोफिनला त्याच्या नेहमीच्या औषधाच्या, मेट्रोनिडॅझोलच्या, दहापट संवेदनशील आहे. अमीबा जिवाणू नव्हे, मान्य; पण राहतो त्याच घरात. त्यानंतर १५ निरोगी स्वयंसेवकांना सात दिवस रोज ६ मिलिग्रॅम ऑरानोफिन देऊन पुढे १२६ दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले ते आकडे या प्रकरणातले सर्वांत बोलके आहेत. सातव्या दिवशी रक्तद्रवातलं सोनं मिलिलिटरला कमाल ०.३१ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीड मायक्रोमोलरच्या थोडं वर. विष्ठेत सर्वाधिक १३ मायक्रोमोलर. रक्ताच्या आठपट, आणि अमीबाला निम्म्याने रोखायला लागणाऱ्या पातळीच्या २५ पटींहून जास्त. तेही एका आठवड्यात, जुन्याच मात्रेत, जुनी फाइल शाबूत ठेवून.

ज्या कारणामुळे ऑरानोफिन रक्तातल्या संसर्गाला कुचकामी ठरतं, त्याच कारणामुळे आतड्यातल्या संसर्गाला ते उपयोगी ठरू शकतं. यात नवल काही नाही. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक तोंडाने घेतलं तर जवळपास शोषलं जात नाही, आणि म्हणूनच क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलसाठी ते तोंडाने देतात. ऑरानोफिनसाठी हाच जिवाणू साजेसा आहे, त्यालाही आणखी एक कारण आहे. त्याला ऊर्जा मिळवायला सेलेनियम असलेली प्रथिनं लागतात. ऑरानोफिन सेलेनियमशी पक्की गाठ मारून ते जिवाणूच्या हाती लागूच देत नाही, असं २००९ मध्येच दिसलं होतं. २०२० मध्ये उंदरांवरही प्रयोग झाला. औषधाने उंदीर वाचले, आणि या आजाराची खरी डोकेदुखी, म्हणजे बरा होऊन पुन्हा उलटणं, तेही रोखलं गेलं.

त्वचेची गोष्ट साधारण अशीच. पर्ड्यूच्या गटाने एमआरएसएच्या संसर्गाने चिघळलेल्या उंदरांच्या जखमांवर ऑरानोफिन मलमासारखं लावलं. जिवाणू घटले आणि जखमेतली दाह वाढवणारी रसायनंही घटली. इथे औषधाच्या दोन्ही बाजू एकाच जागी कामाला येतात, आणि वाटेत अल्ब्युमिनचा अख्खा महासागर नसतो. सोन्याहून पिवळं म्हणावं असा हा एकमेव कोपरा मला दिसतो. पण उंदराची जखम आणि माणसाची जखम यांमध्ये चाचणी उभी आहे, आणि चाचणीला पैसा लागतो. पेटंट संपलेल्या गोळीवर तो लावून वसूल कसा करायचा, हे कुठल्याही कंपनीला उमगत नाही. अमीबाच्या बाबतीत अमेरिकेत ‘ऑर्फन’ दर्जा (दुर्मीळ आजारांवरच्या औषधांचा) मिळाला, त्याने थोड्या सवलती मिळतात. दर्जाचं नाव बाकी समर्पक आहे: अनाथ.

मला विचाराल तर हे औषध रक्तातल्या, हाडातल्या, फुप्फुसातल्या संसर्गाच्या यादीतून आजच काढावं, आणि आतडं व त्वचा या दोन जागांसाठी माणसांवर नीट चाचण्या व्हाव्यात. आतड्याच्या चाचणीचा आराखडा आखणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी एक अडचण सोडवावी लागेल. क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलचा रुग्ण बरा झाला की नाही, हे ठरतं जुलाब थांबले का यावरून. आणि संधिवातासाठी ऑरानोफिन घेणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांना, औषधाच्या माहितीपत्रकाप्रमाणे ४७ टक्क्यांना, जो दुष्परिणाम जाणवला तोही हाच: जुलाब किंवा पातळ शौचाला होणं. पाचव्या दिवशी रुग्ण सांगेल की अजून पातळच होतंय, तेव्हा ते जिवाणूमुळे की सोन्यामुळे, हे त्याच्या तक्रारीवरून कळणार नाही. विष्ठेत जिवाणूचं विष आहे का ते तपासावं लागेल, आणि केव्हा तपासायचं हे आधीच लिहून ठेवावं लागेल. शिवाय दुसऱ्या गटाला द्यायला अँबरसन यांच्यासारखं नुसतं पाणी चालणार नाही. व्हँकोमायसिनच द्यावं लागेल, आणि ते सोन्याइतके जुलाब करत नाही.